रेघ हलली नाही

खिळ्याला टांगलेला शर्ट गुरगुरला तेव्हा शकुन चहाची गाळणी धूत होती. शर्ट म्हणजे त्याच्या खिशातला फोन. तो भिंतीला लागून थरथरला, एवढंच. आता ह्यात काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण धर्मपालचा फोन वर्षानुवर्षं वाजत आला होता, आणि असा तसा वाजत नव्हता. जयंतीच्या मिरवणुकीत लागतं तसलं ढोल-ताशाचं एक गाणं त्याने त्यात भरून ठेवलं होतं. ते लागलं की तीन घरं सोडून राहणाऱ्या बेबीताई अंगणातूनच सांगायच्या, "शकुन, जॉबरसाहेबाचा फोन वाजून राहिला वं." ते गाणं कुठं गेलं? आणि कधी गेलं? शकुनने नळ बंद केला आणि आठवून पाहिलं. चौदा एप्रिलला होतं का? बहुतेक नव्हतं. त्याच्या आधी? शर्टाने आणखी दोनदा अंग झटकलं आणि तो गप्प झाला. धर्मपाल मोरीतून तोंड पुसत आला, आधी चहा घेतला, मग खिशातून फोन काढून पाहिला. कुणाला लावला नाही. दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी लिहीत बसला. "कोन होतं?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं. तो लिहीतच राहिला. तिने वळून पुन्हा विचारलं, "कोन होतं म्हणते मी." "हं," धर्मपाल म्हणाला, आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

फोन उपडा ठेवणारा माणूस तिला माहीत नव्हता. अठरा वर्षांच्या संसारात हा माणूस काही झाकून ठेवत नव्हता. उलट त्याच्या तोंडाला झाकणच नव्हतं, बाजारात मिरचीवाल्याशीसुद्धा घरच्या गोष्टी करत उभा राहायचा. नांदगाव पेठेच्या कपडा कारखान्यात तो लूमशेडचा जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावाने हाका मारतात तो. बिघडायच्या आधीच त्याला समजायचं. दीडशे माग एकदम धडधडत असताना त्यातला कोणता कुरकुरतो आहे हे तो दाराशी उभा राहून सांगायचा, आणि नवी पोरं बघायला जायची तर खरंच तोच निघायचा. अशा माणसाचा फोन एकाएकी मुका झाला, आणि शकुनच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो बाहेर पडत नाही, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं. त्या दिवशी बदनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला कामावर जाताना ती खिडकीशी बसून एकेक गोष्ट काढत गेली. उन्हाळ्यात त्याने पलंगावरची बाजू बदलली होती. लग्नापासून तो दाराकडे झोपायचा, आता भिंतीकडे. विचारलं तर म्हणाला, पंख्याचा वारा इकडं चांगला येते. पंखा मधोमध होता. रविवारी विहारात जायचा, ते सोडलं. धाकट्या सासऱ्यांच्या पोरीच्या लग्नाला आला नाही, ड्यूटी आहे म्हणाला, आणि त्या दिवशी त्याची सुट्टी होती हे तिला नंतर कळलं. फोन कानाला लावायचाच नाही. कुणाचा आला की कापायचा आणि लिहायला बसायचा. हे तिने बेबीताईंपाशी बोलायला नको होतं, पण बोलली. बेबीताईंनी भाजीची जुडी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "माणूस कानानं बोलायचं सोडून बोटानं बोलते ना शकुन, तवा समजून घ्यायचं. ऐकू जाऊ नये असंच काहीतरी असते त्यात."

ऐकू जाऊ नये असं. शकुनचं पोट तर दुसऱ्यांच्या ऐकण्यावरच चालत होतं. अकोल्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ती कान तपासायची. डॉक्टर नव्हे, तपासनीस. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बाहेरून बटण दाबून बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, आणि तिने कागदावर आलेख काढायचा. चौदा वर्षं हेच. गेल्या वर्षभरात त्यात अनीसा मॅडमचं काम आलं होतं. अनीसा मॅडम कानाच्या नव्हे, मेंदूच्या मागे लागल्या होत्या. त्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायच्या, समोर मुकं कार्टून लावून द्यायच्या, म्हणायच्या, तुम्ही फक्त ते बघा, आवाजाकडे लक्ष देऊ नका. आणि कानात एकच आवाज सोडायच्या. टुक. टुक. टुक. टुक. मधेच एखादा, किंचित चढा, टिक. पडद्यावर मेंदूची रेघ चालायची. पहिल्या टुकला ती चांगली उठायची, दुसऱ्याला कमी, दहाव्याला जेमतेम हलायची. आणि टिक आला की पुन्हा ताडकन उभी. कार्टून बघणाऱ्याला बरेचदा पत्ताही नसायचा. "मेंदूत आवाजाचा एक इलाका आहे ना शकुनताई," अनीसा मॅडम टोपीतले केस बाजूला सारत सांगायच्या, "तिथल्या पेशी फार मिजासी. तोच तो आवाज आला की म्हणतात, हो गया, सुन लिया. जवाब देणंच बंद करतात. काही बदललं की मग उठतात." शकुनने तेव्हा मान हलवली होती. मग घरी येऊन पंख्याखाली पडल्यावर तिच्या लक्षात आलं, पंख्याचा आवाज आपल्याला येतच नाही. लाइट गेली तेव्हा तो आला. म्हणजे तो थांबला, तेव्हा.

तिला ह्या पेशींचा आधी राग आला. मग धाक वाटायला लागला. आपल्याच डोक्यात बसून कोण ठरवतं, हे ऐकायचं आणि हे नाही? अठरा वर्षं धर्मपाल शेजारी घोरला, खाकरला, गाडी लावून पायरीवर चपला झटकल्या. त्यातलं किती तिने खरोखर ऐकलं असेल? संसार म्हणजे टुक टुक टुक. त्याने मधेच सूर बदलला असेल आणि आपण मुकं कार्टून बघत बसलो असू. गाणं बंद झालं त्या दिवशी रेघ उठायला हवी होती. उठली नाही. का उठली नाही? ह्या विचाराने ती इतकी पछाडली की एक दिवस टोपीच्या तारा धुता धुता तिने विचारलंच, "मॅडम, आवाज एकदम न बदलता हळूहळू सरकवला तं? थोडा थोडा, रोज थोडासा?" अनीसा मॅडम थांबल्या. "फारच हळू सरकवला तर ती फारशी जागी होत नाही," त्या म्हणाल्या. "का हो, काय झालं?" "काही नाही, असंच." पण ते असंच नव्हतं. म्हणजे माणूस शहाणा असेल तर हळूहळू सरकतो, असा तिने त्यातून अर्थ काढला. आज फोन, चार महिन्यांनी पलंगाची बाजू, मग विहार. शेजारच्या बाईला काही कळत नाही आणि एक दिवस बघावं तर माणूस भलतीकडेच जाऊन बसलेला. धर्मपालला इतकी अक्कल कुठून आली, ह्याचंच तिला नवल वाटलं, आणि रागही.

मग तिने पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही त्याला. तो न्हायला गेला की फोन उचलायचा. तो लॉक असायचा, उघडायची कळ, म्हणजे पासवर्ड, तिला माहीत नव्हती. आधी होती. तिचा भाऊ चंद्रभान हिवरखेडला असतो, त्याला फोन करून इकडचं तिकडचं काढायचं, की तुझ्या जवायाने तुला काही सांगितलं का. चंद्रभान म्हणाला, "काही नाही सांगितलं. पन तू एवढी ओरडून काहून राहिली? मी बहिरा हाव का?" ती म्हणाली, गाडीत आहे, आवाज आहे. ती घरातच होती, दार लावून. हे बोलणं तिने तिथेच सोडून दिलं. धर्मपालच्या कानाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिनेच तो हाकलून दिला, कारण त्या कानांवर तिची सही होती. कारखान्यात दरसाल कामगारांचे कान तपासायचा कॅम्प लागतो. चार वर्षांपासून तो कॅम्प तिच्याच दवाखान्याकडे होता, गाडीतली काचेची खोली घेऊन तीच जायची. सगळ्यांचे कान थोडेफार उतरलेले असायचे, मागाच्या धडाक्यात राहणार कसे. धर्मपालचे मात्र चारही वर्षं ठणठणीत. नॉर्मल, असं तिने चारदा लिहिलं होतं. त्या कॅम्पाची आठवण तर ती जपून ठेवत होती. बाकीच्यांना ती शिस्तीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसवायची. धर्मपाल म्हणाला होता, "मले तरी इकडं तोंड करू दे वं, घरी कुठं पाहू देते तू." बाहेर रांगेतली पोरं हसली होती. तिने लाजून बसू दिलं होतं, आणि मग दरसाल तसंच. तो काचेतून टक लावून बघायचा आणि बोट वर करायचा, एकही आवाज चुकवायचा नाही. चाळिशी उलटलेल्या बाईकडे नवरा असं दहा मिनिटं बघत बसतो, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. असं बघणारा माणूस आता कुणाला लिहीत बसतो?

अनीसा मॅडमना चाळीस ते पन्नास वयाची, चांगल्या कानांची माणसं हवी होती. शकुनने धर्मपालचं नाव दिलं. खरं कारण तिने स्वतःलाही धड सांगितलं नाही. एक अख्खा दिवस तो डोळ्यांसमोर राहील, फोन बाहेर ठेवावा लागेल, टोपीखाली बसेल, मग बघू. जणू त्या तारांतून बाईचं नावच पडद्यावर उमटणार होतं. धर्मपाल आधी नाही म्हणाला. मग, "त्यात बोट वर करावं लागते का?" असं विचारलं. "नाही, काहीच करायचं नाही, नुसतं कार्टून पाहायचं." "तू राहशील ना समोर?" "मी तारा लावीन, मग बाहेर." नको नको म्हणता तो कसाबसा तयार झाला. तिने ते नको नको म्हणणंही आपल्या हिशेबात धरलं, चोराच्या मनात चांदणं. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून ते अकोल्याला आले. कानाचा नवा आलेख काढायची गरज नव्हती, तिचा सही केलेला कागद फाईलला लागला होता. टोपी चढवताना तिची बोटं त्याच्या केसांत फिरली. मुळाशी केस पांढरे झाले होते. किती दिवसांत आपण ह्याच्या डोक्याला हात लावला नाही, असं तिला वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी, दुसऱ्या कुणी लावला असेल का, असंही.

कार्टून सुरू झालं. टुक टुक सुरू झालं. शकुन पडद्यासमोर बसली. रेघ चालत होती, पण उठत नव्हती. पहिल्या टुकलाही नाही. टिक आला, गेला. रेघ हलली नाही. अनीसा मॅडमनी चष्मा वर केला. "तार सुटली का बघा." शकुन आत गेली, सगळ्या तारा दाबून आली. धर्मपाल तिच्याकडे बघून हसला. पुन्हा तेच. अनीसा मॅडमनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, हेडफोनच्या बाहेर ऐकू यायला लागला एवढा वाढवला. तेव्हा कुठे झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी रेघ थोडी हलली. "मशीन बिघडलं," शकुन म्हणाली. अनीसा मॅडमनी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. रेघ छान उठली. मग त्यांनी फाईल उघडली, तो कागद काढला, आणि त्यांच्या आवाजात कधी नव्हता तो कोरडेपणा आला. "शकुनताई, ह्यांचे कान कुणी तपासले?" "मी." "खुद्द तपासले ना? की घरचे म्हणून असंच भरलं?" चौदा वर्षांत कुणी तिला असं विचारलं नव्हतं. महिनाभर ती दुसऱ्यावर जी नजर ठेवून होती ती आता कुणीतरी तिच्यावर ठेवली, आणि ती किती बोचते हे तिला समजलं. "आता करते," ती म्हणाली. "तुमच्यासमोर करते."

काचेच्या खोलीत धर्मपाल सवयीने तिच्याकडे तोंड करून बसला. तिने बटण दाबलं, त्याने बोट वर केलं. दाबलं, केलं. सगळं नॉर्मल. अनीसा मॅडम मागे उभ्या होत्या. मग शकुनने एक गोष्ट केली. करताना तिला आपण काय शोधतो आहोत हे माहीत नव्हतं. हातांना आधी कळलं असावं. तिने हेडफोनची पिन उपसून घेतली आणि मोकळं बटण दाबलं. धर्मपालने बोट वर केलं. तिने पुन्हा दाबलं. त्याने पुन्हा बोट वर केलं, हसऱ्या चेहऱ्याने, तिच्या अंगठ्यावर टक लावून. तिने पिन परत लावली, अंगठा रजिस्टरखाली झाकला आणि चांगला मोठा आवाज सोडला. तो तसाच बघत राहिला, वाट पाहत. आणखी मोठा. तो वाट पाहत राहिला. मग त्याला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं असावं, कारण त्याने हेडफोन स्वतःच काढून मांडीवर ठेवले.

अनीसा मॅडम पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या. शकुनने त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि खरा आलेख काढला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा निम्मा. खाली सही केली. मग त्याच्या पुढ्यात स्टुलावर बसली. "कवापासून?" तिने विचारलं. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. "नाही सांगता येत," तो म्हणाला. "एकदम गेलं असतं तं समजलं असतं. थोडं थोडं गेलं. पहिल्या कॅम्पाले ऐकू येत होतं मले, खरं सांगतो. तवा तुह्याकडंच पाहून राहिलो होतो नुसता. दुसऱ्या वर्षी आवाज कमी वाटला अन् अंगठा दिसला." "मंग सांगितलं काहून नाही?" "काय सांगू? बहिऱ्या जॉबरले कोन ठेवते? आता मी मागाले हात लावून पाहतो, थरथरावरून समजते. पोरायले वाटते ऐकूनच सांगतो. अन् कागदावर तुही सही होती. मी बहिरा म्हटलं असतं तं तू खोटी झाली असती." फोन छातीला लागून थरथरला की कळतो, तो सांगत गेला, कानाला लावला तर शब्द समजत नाहीत, म्हणून लिहितो. विहारात सगळे एकदम बोलतात, काही उमजत नाही, लोक हसले की हसावं लागतं. कळ त्याने बदलली होती, कारण त्या फोनवर तो कानाची यंत्रं पाहायचा. "अन् पलंगाची बाजू?" "तिकडं झोपलो तं डावा कान तुह्याकडं येते," धर्मपाल म्हणाला. "तू झोपता झोपता बोलते ना."

शकुनला स्वतःची इतकी शरम वाटली की तिने जेवणाचा डबासुद्धा तिथेच ठेवला आणि त्याला घेऊन निघाली. अनीसा मॅडम दारापर्यंत आल्या. जुने चारही कागद भरवशाचे नाहीत असं मी लिहून देईन, शकुन म्हणाली, पुढं काय व्हायचं ते होऊ द्या. दुपार उतरत होती, मूर्तिजापूरच्या रस्त्याला दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या. ती मागे बसून बोलत होती, नेहमीसारखी, यंत्राबद्दल, कारखान्यातल्या साहेबांना काय सांगायचं त्याबद्दल, आणि तो नेहमीसारखा हं, हं म्हणत होता. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की उलट्या वाऱ्यात, हेल्मेटच्या आत, त्याला ह्यातलं एक अक्षर पोचत नसणार. किती वर्षं ती ह्याच्या पाठीशी बोलत आली असेल? मुद्दाम, त्याच आवाजात, ती म्हणाली, "मले वाटलं तुमचं बाहेर कोनासंग हाय. महिनाभर मी तुमच्यावर पाळत ठेवून होती." "हं," धर्मपाल म्हणाला. झालं की, सांगून झालं. त्याने ऐकलं नाही हा काही तिचा दोष नव्हता, हे असंच मिटवता आलं असतं, आणि मिटवावंसं तिला फार वाटलं. दोन-तीन किलोमीटर तसेच गेले. मग तिने त्याचा खांदा दाबला.

त्याने गाडी कडुलिंबाखाली घेतली आणि हेल्मेट काढलं. ती उतरून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तेच एका दमात बोलून गेली, इतकं भराभर की बोलता बोलता तिचं तिलाच बरं वाटलं. कापसाच्या गाठींचा एक ट्रक बाजूने गेला. धर्मपाल तिच्या तोंडाकडे बघत होता, कपाळाला आठी घालून.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "हळू."

शकुनने पदराने तोंड पुसलं. मग एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट उघडून, तिने ते पुन्हा सांगितलं, आणि ह्या खेपेला त्याला सगळं समजलं.